आठशे किलोंची गाडी आणि आठ किलो शिसे



खारघरमध्ये राहणाऱ्यांना हे दृश्य नवीन नाही. सेक्टरातल्या एखाद्या आतल्या रस्त्याच्या कडेला, झाडाखाली, एक जुनी मोटार उभी असते. चारही टायर बसलेले, काचेवर धुळीचा जाड थर, त्या थरावर कुणीतरी बोटाने लिहिलेले नाव आणि वायपरखाली अडकलेली वाळकी पाने. पाऊस येतो, पाऊस जातो, मोटार तिथेच. माझ्या घरापासून महाविद्यालयाकडे जाणाऱ्या वाटेवर अशा दोन मोटारी आहेत. त्यांतल्या एकीचे बॉनेट गेल्या दिवाळीपासून अर्धवट उघडे आहे. एके दिवशी मी सहज आत डोकावलो. इंजिन जागेवर होते, रेडिएटर होता, पंख्याला कोळ्याने जाळे विणले होते. बॅटरीची जागा मात्र रिकामी होती. कापलेल्या दोन जाड वायरी तेवढ्या लोंबत होत्या.

दुसऱ्या मोटारीचीही हीच गत. मग मला नादच लागला. येता-जाता जेथे अशी बेवारस मोटार दिसेल तेथे मी पाहू लागलो. जिच्या आत पाहता आले अशा एकाही मोटारीत मला बॅटरी सापडली नाही.

आता विचार करा. सुमारे आठशे किलो वजनाची मोटार वर्षानुवर्षे कुणी उचलत नाही, आणि दहा-बारा किलोंची बॅटरी तेवढी नाहीशी होते. असे का? आणि ती जाते कुठे? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना आपल्याला उष्णता, चुंबकत्व आणि प्रकाश या तुमच्या पुस्तकातल्या तिन्ही प्रकरणांतून जावे लागेल.

प्रथम मोटार म्हातारी कधी होते ते पाहू. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पुन्हा करावी लागते. मुंबईच्या टॅक्सींना वीस वर्षांची मर्यादा आहे. तुमच्या आईवडिलांना विचारा, काळ्या-पिवळ्या रंगाची 'पद्मिनी' टॅक्सी त्यांना नक्की आठवेल. ही प्रीमियर पद्मिनी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. त्या जातीची शेवटची टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. तिला वीस वर्षे पूर्ण झाली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. त्या वेळी वर्तमानपत्रांत बऱ्याच हळव्या आठवणी छापून आल्या. पण त्या हजारो टॅक्सींचे लोखंड, रबर, तेल आणि शिसे पुढे कुठे गेले, हे विचारणारा लेख माझ्या तरी वाचनात आला नाही. ज्या कुर्ल्यात ही गाडी जन्मली त्याच कुर्ल्यात, सी.एस.टी. रोडवर, जुन्या मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांची मोठी रांग आहे, हा एक योगायोगच म्हणायचा.

अशा दुकानाला आपण तुच्छतेने 'भंगार' म्हणतो. माझे मत वेगळे आहे. चालू स्थितीतला डायनामो, स्टार्टर, दरवाजा किंवा आरसा काढून तो दुसऱ्या गाडीला बसवणे हा पुनर्वापर होय, आणि वस्तू वितळवून पुन्हा घडवण्यापेक्षा तो केव्हाही चांगला. कारण त्यात वितळवण्याची ऊर्जा खर्चच होत नाही. जळलेल्या स्टार्टरची तार बदलून तो पुन्हा फिरता करणारा मेस्त्री आपल्या प्रयोगशाळेतल्या विद्युत्‌चुंबकत्वाच्या तासाला येऊन बसला, तर आम्हां प्राध्यापकांनाच दोन गोष्टी शिकवील.

असो. सुटे भाग काढून झाल्यावर जो सांगाडा उरतो, त्याचे वजन पाहू. मोटारीच्या एकूण वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश भाग पोलाद आणि बीड यांचा असतो. हे लोखंड वेगळे करणे सर्वांत सोपे, कारण ते चुंबकाला चिकटते. गाडीचे तुकडे करणाऱ्या कारखान्यात तुकड्यांच्या पट्ट्यावर मोठा चुंबक असतो. लोखंड वर उचलले जाते आणि बाकीचे पुढे सरकते. पुढे सरकलेल्या ढिगात अॅल्युमिनियम, तांबे, प्लॅस्टिक, रबर, काच यांची खिचडी असते. यांतले अॅल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही. मग ते कसे वेगळे करायचे?

येथे फॅरेडेचा नियम मदतीला येतो. पट्ट्याच्या टोकाशी, पट्ट्याच्या आत, एक रूळ वेगाने फिरत असतो. त्याच्यावर चुंबकांचे उत्तर आणि दक्षिण ध्रुव आळीपाळीने बसवलेले असतात. त्यामुळे वरून जाणाऱ्या धातूच्या तुकड्याला क्षणाक्षणाला बदलणारे चुंबकीय क्षेत्र भेटते. बदलत्या क्षेत्रामुळे धातूत, पाण्यातल्या भोवऱ्यांसारखे गोल फिरणारे विद्युतप्रवाह निर्माण होतात. या प्रवाहांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र मूळ क्षेत्राला विरोध करते आणि तुकडा अक्षरशः पुढे फेकला जातो. प्लॅस्टिक आणि काच यांतून प्रवाह वाहत नाही, म्हणून ती तिथेच खाली पडतात. गंमत अशी, की अॅल्युमिनियम तांब्यापेक्षा लांब उडते. तांबे विजेचे अधिक चांगले वाहक आहे हे खरे, पण ते तिपटीहून अधिक जड आहे. ढकलणारे बल थोडे जास्त आणि वस्तुमान खूप जास्त. मग त्वरण कमी, हे तुम्हांला न्यूटनच्या दुसऱ्या नियमावरून सांगता येईल.

हा परिणाम घरीही पाहता येतो. पडद्याच्या दांड्याची अॅल्युमिनियमची हातभर पोकळ नळी घ्या. ती उभी धरून तिच्यातून आधी एक खडा सोडा आणि मग तेवढाच एक ताकदवान लहान चुंबक सोडा. नळीला चुंबक चिकटत नाही हे आधी खात्री करून घ्या. तरीही तो इतक्या सावकाश खाली येतो, की पहिल्यांदा पाहणारा नळी उलटी करून आत काही अडकले आहे काय ते पाहतो.

खारघरच्या शेजारी कळंबोलीला लोखंड-पोलादाचा मोठा बाजार आहे, हे तुम्हांला माहीत असेल. आणि आपल्याच महाराष्ट्रात जालन्याला भंगार लोखंड वितळवून बांधकामाच्या सळ्या करणारे कारखाने आहेत. म्हणजे एखाद्या जुन्या गाडीचा दरवाजा सळई होऊन एखाद्या इमारतीच्या खांबात जाऊन बसणे मुळीच अशक्य नाही. मात्र यात एक अडचण आहे. गाडीच्या वायरी न काढता सांगाडा तसाच दाबून भट्टीत टाकला तर तांबे पोलादात विरघळते. गंधक, सिलिकॉन यांसारखी अशुद्धी भट्टीत बाहेर काढता येते. तांबे काढता येत नाही, कारण ऑक्सिजनशी जोडले जाण्याची त्याची ओढ लोखंडापेक्षाही कमी आहे. तांबे जास्त झालेले पोलाद तापवून लाटताना त्याला पृष्ठभागावर चिरा पडतात. म्हणून कंटाळा न करता हाताने वायरी काढणारा कामगार पुढच्या सळईची प्रतच वाचवत असतो.

आता अॅल्युमिनियमचा हिशेब करून पाहू. इंजिनाचे हेड, गिअरबॉक्सचे कवच, काही गाड्यांची चाके अॅल्युमिनियमची असतात. खनिजापासून १ किलो अॅल्युमिनियम मिळवायला केवळ विद्युत अपघटनासाठीच सुमारे १४ युनिट वीज लागते. तेच १ किलो अॅल्युमिनियम नुसते वितळवायचे असेल तर? विशिष्ट उष्णता सुमारे ९०० ज्यूल प्रति किलो प्रति अंश. ३० अंशांपासून ६६० अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यास ६३० × ९००, म्हणजे ५ लाख ६७ हजार ज्यूल. वितळण्याची अप्रकट उष्णता सुमारे ३ लाख ९७ हजार ज्यूल. बेरीज झाली सुमारे ९ लाख ६४ हजार ज्यूल. विजेचे १ युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे लागले अवघे पाव युनिट आणि थोडे वर! भट्टीतून उष्णता वाया जाते, म्हणून प्रत्यक्षात याच्या दुप्पट-तिप्पट धरा. तरीही एका युनिटाच्या आतच काम भागते. गाडीत ५० किलो अॅल्युमिनियम असले तर सुमारे साडेसहाशे युनिट वीज वाचली. तुमच्या घरचे वीजबिल काढा आणि ही किती महिन्यांची वीज झाली ते स्वतःच पाहा.

म्हणजे लोखंड आणि अॅल्युमिनियम यांची आपण फारशी काळजी करण्याचे कारण नाही. त्यांना भाव आहे, त्यांची वाट ठरलेली आहे. रस्त्यावर वर्षभर गंजत पडले तरी लोखंड बिचारे कुणाला विष देत नाही. खरी काळजी करायची ती वजनाच्या काट्यावर नगण्य वाटणाऱ्या वस्तूंची. आणि त्यांत पहिला मान बॅटरीचा.

लहान मोटारीची बॅटरी साधारण दहा ते तेरा किलोंची असते. तिच्या वजनापैकी साठ टक्क्यांहून अधिक शिसे, म्हणजे मोठ्या बॅटरीत आठ किलो. काही शिसे धातूच्या जाळीच्या रूपात असते, तर काही त्या जाळीत भरलेल्या लगद्यात, शिशाच्या ऑक्साइड आणि सल्फेटच्या रूपात असते. बाकी राहिले ते प्लॅस्टिकचे खोके आणि पातळ गंधकाम्ल, ज्याला गॅरेजमध्ये नुसते 'पाणी' म्हणतात.

आता पुन्हा तोच हिशेब करा, या वेळी शिशासाठी. विशिष्ट उष्णता १३० ज्यूल. वितळबिंदू ३२७ अंश सेल्सिअस. २७ अंशांपासून ३०० अंश तापवायला ३९ हजार ज्यूल. अप्रकट उष्णता सुमारे २४ हजार. एकूण ६३ हजार ज्यूल. एवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी किती तापेल? पाण्याची विशिष्ट उष्णता ४२०० ज्यूल. ६३ हजाराला ४२०० ने भागा. उत्तर येते १५ अंश. एक लिटर पाणी कोमट करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो शिसे वितळून पातळ होते! अॅल्युमिनियमला लागणाऱ्या उष्णतेचा हा जेमतेम पंधरावा भाग.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर या आकड्यात आहे. पोलाद वितळवायला कारखान्याची भट्टी लागते. शिसे वितळवायला एक लोखंडी कढई आणि चूल पुरे. म्हणून बॅटरी कुणीही फोडू शकतो आणि कुठेही फोडू शकतो: झोपडीमागे, शेताच्या बांधावर, एखाद्या बंद शेडमध्ये. जे ज्ञान आपण परीक्षेत दोन गुणांसाठी लिहितो, तेच येथे धोक्याचे मूळ आहे.

जाळीचे शिसे असे झटपट मिळते, पण लगद्यातले मिळत नाही. त्यासाठी कोळसा घालून, फुंकणी किंवा पंखा लावून, सुमारे हजार अंशांची आच द्यावी लागते. त्या धुरात शिशाचे अतिसूक्ष्म कण आणि गंधकाचा वायू असतो. नियमाने चालणाऱ्या कारखान्यात बॅटरी बंद यंत्रात फोडतात, तुकडे पाण्यात टाकतात. प्लॅस्टिक पाण्यापेक्षा हलके म्हणून तरंगते, पाण्याच्या अकरापट जड शिसे तळाला जाते. आम्ल निष्प्रभ करतात आणि भट्टीचा धूर कापडी गाळण्यांतून नेतात. घरगुती भट्टीवर यांतले काहीच नसते. धूर विरतो आणि शिसे अंगणातल्या धुळीत बसते. त्याच अंगणात मुले खेळतात आणि हात तोंडात घालतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट भाग लहान मूल शोषून घेते, आणि त्याचा पहिला घाव वाढत्या मेंदूवर पडतो. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ५ मायक्रोग्रॅम शिसे आढळले तर ते कुठून येते याचा शोध घेऊन उपाय करावा, असे त्या संघटनेचे २०२१ चे मार्गदर्शन आहे. वीस किलो वजनाच्या मुलाच्या अंगात सुमारे दीड लिटर रक्त असते. म्हणजे त्या पातळीला सर्व रक्तात मिळून ७५ मायक्रोग्रॅम शिसे झाले. आता आठ किलोंचे मायक्रोग्रॅम करा: आठशे कोटी. भागिले ७५. उत्तर दहा कोटींच्या वर जाते. एका बॅटरीतले सगळे शिसे काही रक्तात जात नाही, हे उघड आहे. हा आकडा मी फक्त प्रमाण कळावे म्हणून दिला. त्यातला कोट्यवधीवा अंशदेखील नको त्या ठिकाणी पोहोचला तर एका मुलाला पुरतो.

हे नुसते कागदावरचे गणित नाही. आफ्रिकेतील सेनेगल देशात डाकार शहराजवळ तियारोय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तेथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढण्याचा उद्योग घरोघर चाले. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तेथे अठरा मुले दगावली. मृत मुलांच्या भावंडांचे आणि आयांचे रक्त तपासले तेव्हा शिशाचे भयंकर प्रमाण आढळले. २०२० साली युनिसेफने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसे ५ मायक्रोग्रॅमच्या पातळीला किंवा तिच्या वर आहे, आणि बेकायदा बॅटरी-भट्ट्या हे त्याचे एक प्रमुख कारण म्हणून त्यात दिले आहे. आपल्या देशात पेट्रोलमधले शिसे १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले. नळीवाटे बाहेर पडणारे शिसे थांबले. बॉनेटखालचे अजून आहे.

आता एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी मी माझ्या गाडीची बॅटरी बदलली. दुकानदार जुन्या बॅटरीचे जे पैसे देत होता, त्यापेक्षा दोनशे रुपये जास्त एक फेरीवाला भंगारवाला देत होता. मी त्याला दिली. त्याने इमारतीच्या दारातच बॅटरीची झाकणे काढली आणि ती पावसाळी गटारावर उलटी केली. सिमेंटवर फेस आला. मी ओरडलो, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "साहेब, पाण्याचे पैसे मला कोण देणार?" त्याचे म्हणणे त्याच्या जागी बरोबर होते. पुढचा व्यापारी त्याच्याकडून कोरडे वजन घेतो. चूक दोनशे रुपयांसाठी दुकान सोडणाऱ्या माझी होती. आणि मी पदार्थविज्ञान शिकवतो! त्या तीन-चार लिटर 'पाण्या'त आम्लाबरोबर प्लेटांवरून सुटलेला शिशाचा गाळही होता. आमच्या गटाराची वाट खाडीकडे आणि तिवरांकडे जाते.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. बॅटऱ्यांसंबंधीच्या २००१ च्या नियमांपासूनच विक्रेत्याने जुनी बॅटरी परत घ्यावी असे बंधन होते. ऑगस्ट २०२२ मध्ये त्या जागी आलेल्या नव्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून योग्य कारखान्यात पोहोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. आपले काम एवढेच, की नवी घेताना जुनी बॅटरी न उघडता, पाण्यासकट, अधिकृत दुकानात द्यायची आणि बिलात तिची वजावट लिहून घ्यायची.

बॅटरीनंतर तेल. इंजिनात साधारण तीन लिटर तेल असते. पहिल्या पावसात रस्त्यावरच्या डबक्यात इंद्रधनुष्यासारखे रंग तुम्ही पाहिले असतील. तेलाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परावर्तित झालेले किरण एकमेकांत मिसळतात. थराच्या जाडीप्रमाणे काही रंग उजळतात, काही मावळतात. असे रंग दिसायला थर फार पातळ, प्रकाशाच्या तरंगलांबीशी तुलना करता येईल इतका असावा लागतो. समजा थराची जाडी १ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग आहे. तर तीन लिटर तेल किती जागा व्यापेल? आकारमानाला जाडीने भागा: तीन हजार चौरस मीटर. कबड्डीचे मैदान १३ × १० मीटरचे असते. अशी तेवीस मैदाने एका गाडीच्या तेलाने झाकली जातील. तेलाच्या थराखाली पाण्यात हवेतला ऑक्सिजन नीट मिसळत नाही. शिवाय वापरलेल्या तेलात इंजिन झिजून आलेले धातूचे कण असतात. गॅरेजमध्ये तेल बदलताना ते पिंपात जाते की मागच्या मातीत, एवढे जरूर पाहा. पिंपातले तेल शुद्ध करून पुन्हा वापरता येते.

वातानुकूलन यंत्रातला वायू तर दिसतही नाही. बहुतेक गाड्यांत तो आर-१३४ए नावाचा असतो, साधारण अर्धा किलो. फार जुन्या गाड्यांतला आर-१२ ओझोनच्या थराला मारक होता, हा तसा नाही. पण शंभर वर्षांच्या हिशेबाने वातावरण तापवण्याची याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट आहे. अर्धा किलो सुटला म्हणजे ७०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे झाले. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. म्हणजे हा वायू तीनशे लिटर पेट्रोलाच्या बरोबरीचा! तेवढ्या पेट्रोलवर लहान गाडी खारघरहून कोलकात्याला जाऊन परत येईल. आणि नळी हातोडीने तोडली तर तो सुटायला मिनिटभरही लागत नाही. चांगल्या कार्यशाळेत तो शोषून टाकीत भरण्याचे यंत्र असते.

टायरचे थोडक्यात सांगतो. रबरात गंधक मिसळून तापवले की रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना गंधकाच्या दुव्यांनी बांधल्या जातात. ही युक्ती चार्ल्स गुडइयर याला १८३९ मध्ये सापडली. त्यामुळेच टायर टिकतो आणि त्यामुळेच तो मेणासारखा वितळवून पुन्हा ओतता येत नाही. त्याचा चुरा करून तो डांबरात मिसळता येतो. गच्चीवर किंवा अंगणात ठेवलेल्या टायरमध्ये पावसाचे पाणी साचून डेंग्यूचे डास होतात, हे तुमच्या शाळेत महापालिकेच्या लोकांनी सांगितलेच असेल. न फुटलेली एअरबॅग मात्र कुतूहल म्हणूनही उघडू नका. तिच्यात स्फोटक असते. धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात प्लॅटिनमच्या जातीचे काही ग्रॅम धातू असतात. तो डबा चोरीला जातो, तेव्हा त्याची चिंता करायला चोर समर्थ आहेत.

उरले कागदपत्र. पुष्कळांना वाटते, गाडी भंगारात दिली की काम संपले. तसे नाही. परिवहन कार्यालयातली नोंद रद्द झाली नाही तर कागदोपत्री ती गाडी जिवंत राहते आणि तिचा नंबर चोरीच्या दुसऱ्या गाडीला लावला जाऊ शकतो. सप्टेंबर २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत मोडणी केंद्रे सुरू झाली. तेथे गाडी दिल्यावर ती जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते; नवी गाडी घेताना त्यावर करात सवलतही मिळू शकते. मुख्य म्हणजे अशा केंद्राने गाडी कापण्यापूर्वी तेल, वायू आणि बॅटरी वेगळी काढावी असा नियम आहे. १ एप्रिल २०२५ पासून आणखी एक नियमावली लागू झाली असून, तिने जुन्या गाड्यांची जबाबदारी गाडी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. ही जबाबदारी परत मिळवलेल्या पोलादाच्या वजनात मोजली जाते. बॅटरी, टायर आणि तेल यांचे नियम वेगळे आहेत. पोलाद मोजायला सोपे, हे मला समजते. पण या लेखातले सगळे हिशेब केल्यावर, फक्त पोलादाच्या वजनावर गुण देणारा परीक्षक मला थोडा उदार वाटतो.

तुमच्या शिक्षकांना बरोबर घेऊन एक पाहणी करा. आपल्या सेक्टरातल्या बेवारस गाड्या मोजा. गाडीला हात लावू नका आणि बॉनेट उघडू नका. आधीच उघडे असेल तरच लांबून आत पाहा. वहीत चार रकाने आखा: टायर आहेत काय, खाली तेलाचा डाग आहे काय, बॅटरी आहे काय, आणि गाडी किती दिवसांपासून उभी आहे असे शेजारचे सांगतात. मग जवळच्या दोन-तीन बॅटरीच्या दुकानांत जाऊन विचारा, की जुन्या बॅटऱ्या पुढे कोण घेऊन जातो आणि त्यांतले पाणी काढून घेतो की पाण्यासकट नेतो. एका दुकानदाराने मला ताबडतोब पावती-पुस्तक काढून दाखवले. दुसऱ्याने, "तुम्हांला कशाला हवे?" असे विचारले. तुम्हांला काय उत्तरे मिळतात ती संपादकांकडे जरूर कळवा.